जूनमध्ये डुलुथला पक्षी दिसतील का?

प्रश्न: जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलाकडे डुलुथला, म्हणजे अमेरिकेत मिनेसोटात लेक सुपीरियर या मोठ्या तळ्याच्या काठी चाललोय. सगळे म्हणतात पक्ष्यांचं मायग्रेशन (स्थलांतर) मे मध्येच संपतं, मग दुर्बीण न्यावी का नाही?

उत्तर: न्याच हो! मे मध्ये बरंचसं उरकतं हे खरंय पण आर्क्टिककडे जाणारे किनारपक्षी उशिरा निघतात, त्यामुळे सँडरलिंग, रडी टर्नस्टोन, नशीब असेल तर व्हिंब्रेल पण पार्क पॉइंट या डुलुथच्या लांब वाळूच्या पट्ट्यावर जूनच्या सुरुवातीला सापडतात, आणि धुकं किंवा पाऊस असेल तर वैतागू नका कारण अशाच हवेत ते खाली उतरतात, मस्त ऊन पडलं की सरळ वरून निघून जातात. पायपिंग प्लोव्हर हा छोटा किनारपक्षी दिसला तर लॉटरीच, ग्रेट लेक्समधली त्यांची जोडपी फार थोडी आहेत आणि १९८६ पासून ते धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहेत, त्यामुळे फोटोसाठी मागे धावू नका प्लीज. वॉर्ब्लर, म्हणजे छोटे गाणारे पक्षी, जंगलात गातच असतात, दिसत मात्र नाहीत, पानं दाट झालेली असतात ना, तिथे कानच वापरा. लून हा पाण्यात बुड्या मारणारा पक्षी तर मिनेसोटाचा राज्यपक्षी, तो आतल्या छोट्या तळ्यांवर बघा. आणि जॅकेट न्या, जून असला तरी लेक सुपीरियरवरचा वारा बर्फासारखा लागतो.