लू, घाम आणि कुत्र्याची धाप

प्रश्न : आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, म्हणजे हवा शरीरापेक्षा गरम असते. उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते, तर मग शरीरातील उष्णता बाहेर पडते कशी? शिवाय कुत्र्याला घाम येत नाही म्हणून तो धापा टाकतो, असे गाइडमध्ये दिले आहे. पण इतक्या वेगाने श्वास घेताना स्नायूंच्या श्रमाने उष्णता वाढणार नाही का?
— बी.एस्सी.ची एक विद्यार्थिनी, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : आपल्या दोन्ही शंका रास्त आहेत, दुसरी तर पुष्कळदा शिकवणाऱ्यांनाही सुचत नाही.

आपल्या त्वचेचे तापमान साधारणपणे ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून थंड असेल तोवर प्रारण, वहन आणि अभिसरण या मार्गांनी उष्णता बाहेर जाते. हवा ४५ अंशांची झाली की याच मार्गांनी ती आत येऊ लागते. अशा वेळी शरीराच्या हाती बाष्पीभवन तेवढे उरते. एक ग्रॅम घाम त्वचेवरून उडून जाताना सुमारे ५८० कॅलरी (किलोकॅलरी नव्हे) उष्णता घेऊन जातो, आणि त्यासाठी हवा थंड नव्हे, कोरडी असावी लागते. ग्वाल्हेरच्या घरांतला कूलर मे महिन्यात खोली गार करतो आणि श्रावणात नुसता दमटपणा वाढवतो, तो याच कारणाने. चार्ल्स ब्लॅग्डेन यांनी १७७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माणसे उकळत्या पाण्याहून अधिक तापलेल्या कोरड्या खोलीत काही मिनिटे थांबून सुखरूप बाहेर आली. तिथेच ठेवलेले मांस मात्र शिजून निघाले.

लूमध्ये घाम येताक्षणीच उडतो, त्यामुळे अंग कोरडे राहते आणि किती पाणी गेले याचा अंदाजच येत नाही. घामाबरोबर मीठही जाते. म्हणून पन्ह्यात मीठ घालण्याची आपली जुनी रीत शरीरक्रियाशास्त्राच्या कसोटीलाही उतरते.

आता कुत्र्याकडे वळू. गाइडमधले ते वाक्य कृपया उत्तरपत्रिकेत उतरवू नका. कुत्र्याच्या पंजांच्या गाद्यांवर स्वेदग्रंथी असतात, आणि घाबरलेल्या कुत्र्याच्या पंजांचे ओले ठसे पशुवैद्याच्या टेबलावर स्पष्ट उमटतात. एवढ्याशा घामाने सगळे अंग थंड होणे मात्र शक्य नसते. ते काम नाक, तोंड आणि जीभ यांच्या ओल्या पृष्ठभागांवर होते. धाप लागताच मिनिटाला ३० च्या आसपास असलेला श्वास एकदम ३०० च्या घरात जातो, कारण छाती आणि फुप्फुसे यांची नैसर्गिक कंपनगती जवळपास तेवढीच असते. त्या गतीला बरेचसे काम या अवयवांची लवचीकताच करते, स्नायूंना थोडाच जोर द्यावा लागतो, आणि म्हणून आपल्याला वाटणारी उष्णतेची वाढ फारशी होत नाही. हे श्वास उथळ असतात. हवा मुख्यतः वरच्या मार्गातच ये-जा करते, वायुकोशांपर्यंत फारशी पोहोचत नाही, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइडही एरवी घटत नाही.

उष्णता फारच वाढली तर मात्र श्वास खोल होतात, कार्बन डायऑक्साइड घटून रक्ताची अल्कता वाढते आणि हा उपाय अपुरा पडतो. उन्हात बंद मोटारीत कुत्रा ठेवणे जीवघेणे ठरते, कारण आतली हवा तापत जाते आणि त्याच्याच श्वासातील बाष्पाने दमट होऊन बाष्पीभवनही मंदावते.