वाचकांचे प्रश्न : डायलिसिस सुरू झाले, आता डाळ बंद करायची का?

प्रश्न : माझे वडील 61 वर्षांचे असून आठ महिन्यांपासून त्यांचे आठवड्यातून दोनदा डायलिसिस होते. त्यांचे कोरडे वजन (ड्राय वेट, म्हणजे डायलिसिसमध्ये जादा पाणी काढल्यावरचे वजन) 60 किलो ठरवून दिले आहे. त्याआधी दोन वर्षे डॉक्टरांनी डाळी आणि अंडी कमी करायला सांगितली होती, ते पथ्य आम्ही अजूनही पाळतो. तरीही त्यांना अशक्तपणा खूप आहे. उन्हाळ्यात तहान आवरत नाही आणि दोन डायलिसिसच्या मध्ये वजन चार किलोपर्यंत वाढते. त्यांना संत्री फार आवडतात. ती द्यावीत का? त्यांनी फिरायला जावे की विश्रांती घ्यावी?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : तुमच्या घरी जुने पथ्य अजून चालू आहे, ही गोष्ट सर्वांत आधी बदलायला हवी. डायलिसिस लागण्यापूर्वी मूत्रपिंडांवरचा भार कमी व्हावा म्हणून प्रथिने कमी करायला सांगतात. डायलिसिस सुरू झाल्यावर मात्र हा नियम उलटतो, कारण रक्त शुद्ध होताना टाकाऊ घटकांबरोबर अमिनो आम्लेही (प्रथिनांचे घटक) शरीराबाहेर जातात आणि ती अन्नातूनच भरून काढावी लागतात. सर्वसाधारणपणे कोरड्या वजनाच्या दर किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने रोज लागतात, म्हणजे तुमच्या वडिलांना 60 ते 72 ग्रॅम. सकाळी दोन अंड्यांचा पांढरा भाग, दोन्ही जेवणांत वाटीभर घट्ट वरण, एका वेळी 50 ग्रॅम पनीर किंवा मांसाहार चालत असल्यास कोंबडीचे मूठभर तुकडे, आणि जोडीला पोळ्या, अशी मांडणी केली तर हा आकडा गाठता येतो. मूत्रपिंडे बिघडली की फॉस्फरस रक्तात साठतो, म्हणून डाळीतल्या फॉस्फरसची भीती अनेकांना वाटते, पण त्याचा बराच भाग शरीरात शोषला जात नाही; पाकीटबंद पदार्थांत आणि कोलासारख्या पेयांत मिसळलेला फॉस्फरस मात्र जवळजवळ सगळा शोषला जातो. फॉस्फरस बांधणारी गोळी दिलेली असेल तर ती घासाबरोबरच घ्यायची असते. सकाळच्या इतर गोळ्यांबरोबर उपाशीपोटी घेतली तर तिचा काहीच उपयोग होत नाही, आणि ही चूक मी फार घरांत पाहिली आहे.

वजनकाट्यावरही पूर्ण विसंबू नका. मांस झडते, त्या जागी पाणी साठते आणि आकडा तेवढाच राहतो. मनगटावरचे घड्याळ सैल होऊन कोपराकडे सरकू लागले, कानशिलांजवळ खळगे दिसू लागले, तर कोरडे वजन पुन्हा ठरवून घेण्यासाठी डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा.

चार किलोची वाढ त्यांच्या हृदयाला जड जाते. ती अडीच किलोच्या आत राहायला हवी. दिवसभरात जेवढी लघवी होते, त्यात साधारण अर्धा लिटर मिळवला की पाण्याचे प्रमाण मिळते, आणि त्या हिशेबात चहा, ताक, पातळ वरण व औषधाबरोबरचे घोटही धरावे लागतात. सकाळीच तेवढे पाणी एका बाटलीत भरून ठेवा. चहा दिला की तेवढेच पाणी बाटलीतून काढून टाका. मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो तेव्हा ‘पाणी पिऊ नका’ असे सांगणे किती कठीण असते, हे मी जाणते. पण तहानेचे मूळ बहुधा मिठात असते. पोह्यांवरची तरी, सावजीचा रस्सा, पापड, लोणचे आणि चिवडा महिनाभर बंद करून पाहा, तहान कमी झालेली तुम्हाला दिसेल. मधुमेह असेल तर वाढलेल्या साखरेनेही घसा कोरडा पडतो. बर्फाचा लहान खडा चघळावा, गार पाण्याने चूळ भरून ती टाकून द्यावी.

संत्र्यांबद्दल लिहिताना नागपूरकर म्हणून वाईट वाटते. संत्र्यात पोटॅशियम बरेच असते, ते रक्तात वाढले तर हृदयाला धोका असतो, आणि रस काढला की तीन-चार फळांचे पोटॅशियम एका पेल्यात येते, म्हणून रस नकोच. डायलिसिसपूर्वीच्या तपासणीत पोटॅशियम सतत आटोक्यात असेल तर डॉक्टरांना विचारून कधीतरी दोन-तीन फोडी द्याव्यात, एरवी सफरचंद किंवा पेर (नाशपाती) द्यावे. नारळपाणी टाळावे, कमरख (स्टार फ्रूट) हे फळ तर मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या मेंदूला घातक ठरते, त्याची एक फोडही नको. बटाटा आणि इतर भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळाव्यात व ते पाणी फेकून द्यावे. आपल्याकडे असे पाणी कणीक मळायला वापरण्याची सवय असते. त्यांच्या पोळ्यांसाठी ती सोडावी लागेल.

आता व्यायाम. नुसत्या विश्रांतीने स्नायू आणखी झडतात आणि वाढवलेल्या प्रथिनांचा पुरेसा उपयोग होत नाही. डायलिसिस नसलेल्या दिवशी, उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत, घराजवळच दहा मिनिटे चालण्यापासून सुरुवात करावी आणि काही आठवड्यांत अर्ध्या तासापर्यंत जावे. चालताना बोलता येईल एवढाच वेग असावा. दुपारी खुर्चीतून हातांचा आधार न घेता पाच-सात वेळा उठून बसावे. फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी शीर व धमनी जोडलेल्या) हाताने मऊ चेंडू दाबावा, मात्र त्याच हाताने भाजीची जड पिशवी उचलू नये. रोज त्या जागी बोटे ठेवून पाहावे, मांजर गुरगुरते तशी थरथर लागली पाहिजे; ती थांबली तर त्याच दिवशी केंद्र गाठावे. डायलिसिस चुकले असेल, दम लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा रक्तदाब खाली आला असेल, त्या दिवशी व्यायाम करू नये.

प्रश्न : डायलिसिसच्या रुग्णाला ‘लो सोडियम’ मीठ चालेल का?
— एक वाचक, सक्करदरा, नागपूर

उत्तर : नाही. अशा मिठात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते आणि पोटॅशियम एकदम वाढले तर काही लक्षण दिसण्याआधीच हृदयाचे ठोके बिघडू शकतात. सैंधव हेही शेवटी मीठच आहे, त्यानेही तहान वाढते. नेहमीचेच मीठ मोजून, कमी वापरावे आणि चवीसाठी लिंबाचे थेंब, जिरे, लसूण, हिंग घालावे. लो सोडियमचे पाकीट घरात असेल तर ते आजच रुग्णाच्या स्वयंपाकातून बाजूला काढावे.