किक-बेसचा गाळ आणि आठ बारचा लूप

प्रश्न : कॉम्प्युटरवर १२० बीपीएमचा (मिनिटाला १२० ठोके) हाऊस, म्हणजे नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा, ट्रॅक करतोय. किक (मोठ्या ड्रमचा ठोका) एकटी ऐकली की दणदणीत, बेसही (खालच्या सुरांची साथ) एकटा भारी. दोन्ही एकत्र लावले की खाली नुसता गाळ. इक्वलायझरने (आवाजातला ठरावीक पट्टा कमी-जास्त करणारं साधन) बरंच कापून पाहिलं, फरक पडत नाही.

उत्तर : इक्वलायझर तूर्त बाजूला ठेवा आणि आधी वेळेचा हिशेब करा. १२० बीपीएमवर दोन किकमध्ये ५०० मिलिसेकंद असतात. किकचं शेपूट ४०० मिलिसेकंद रेंगाळत असेल तर बेसला मोकळी जागा उरते जेमतेम १००. किक ज्यातून वाजते त्या सॅम्पलरमध्ये डिके (ठोका विरायला लागणारा वेळ) १५० ते २०० मिलिसेकंदांवर आणा. बराचसा गाळ इथेच बसतो.

मग सूर. बेस ५५ हर्ट्झच्या ‘ए’वर आणि किकचं शेपूट ५२ हर्ट्झवर असेल, तर किक एक सेमीटोन (लगतच्या दोन सुरांमधलं अंतर) चढवा, ती ५५ वर येते. तरीही एक ठोका भरीव आणि पुढचा पोकळ लागतोय? मग बेस वाजवणाऱ्या सिंथचा ऑसिलेटर (लहर तयार करणारा भाग) ‘फ्री रन’वर असणार. प्रत्येक नोट वेगळ्या फेजवर, म्हणजे लहरीच्या वेगळ्या टप्प्यावर, सुरू होते, कधी किकला हात देते, कधी तिलाच खाते. फेज रिट्रिगर चालू करा, म्हणजे प्रत्येक नोट एकाच टप्प्यापासून सुरू होईल. हे न करता तासन्‌तास कापाकापी करणारे पुष्कळ आहेत.

साइडचेन (एका आवाजाच्या इशाऱ्यावर दुसरा दाबणं) सगळ्यात शेवटी. बेसवर कॉम्प्रेसर (आवाज दाबणारं साधन), त्याला इशारा किकचा. रेशो (किती दाबायचं ते) ४:१, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) कमीत कमी, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) १२० मिलिसेकंदांच्या आसपास, आणि थ्रेशोल्ड (दाबणं सुरू होण्याची पातळी) असा की बेस ४ ते ६ डेसिबल दबेल. रिलीज फार आखडू नका. ५० हर्ट्झची एक लहर पुरी व्हायला २० मिलिसेकंद लागतात. रिलीज त्याच्या जवळ गेला की कॉम्प्रेसर लहरीमागेच धावू लागतो आणि बेस खरखरतो.

प्रश्न : हायहॅट (छोट्या झांजांचे ठोके) यांत्रिक वाटतात म्हणून ‘ह्यूमनाइझ’ (ठोके रँडम मागेपुढे करणारी सोय) लावलं. आता ते नवशिक्याने वाजवल्यासारखे वाटतात.

उत्तर : वाटणारच. चांगला वादक वेळ चुकवत नाही, तो ठरावीक ठिकाणी, दर वेळी तेवढाच मागे राहतो. रँडम काढून स्विंग लावा. रॉजर लिन यांच्या १९८० च्या एलएम-१ ड्रम मशीनपासून हीच युक्ती चालत आली आहे. एका बीटचे चार भाग केले की दुसरा आणि चौथा किंचित उशिरा वाजवायचा. १२० बीपीएमवर ५४ टक्के स्विंग म्हणजे १० मिलिसेकंद उशीर, ५८ टक्के म्हणजे २०. ६६ च्या आसपास सरळ ट्रिपलेट (तीन समान भागांची चाल) ऐकू येतात. व्हेलॉसिटीही (ठोक्याचा जोर) आकृती ठरवून द्या, उदाहरणार्थ १००, ५५, ८५, ४५, आणि ती डिकेला जोडा. हलका ठोका नुसता हळू नको, आखूडही हवा.

प्रश्न : आठ बारचा (एक बार म्हणजे चार ठोके) लूप, म्हणजे पुन्हापुन्हा वाजणारा तुकडा, झकास जमतो, पण त्याचा ट्रॅक होत नाही.

उत्तर : सगळे भाग आधीच एकदम वाजतायत, त्यात आणखी काय घालणार? लूप बारा वेळा ओळीने मांडा. ९६ बार, म्हणजे ३ मिनिटं १२ सेकंद. आता खोडरबर घ्या. पहिल्या १६ बारमधून बेस आणि कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) काढा, मधल्या १६ मधून किक. दर ८ बारला एक गोष्ट यावी किंवा जावी. दोन नकोत, नाहीतर कान कशाकडे द्यायचा तेच कळत नाही. कॉर्डचा फिल्टर (वरचे सूर अडवणारी चाळणी) १६ बारमध्ये ३०० हर्ट्झपासून ३ किलोहर्ट्झपर्यंत उघडत न्या. मुख्य सिंथ ऑडिओमध्ये बाउन्स करून (त्याच्या आवाजाची तयार फाइल करून) मूळ प्लगइन (सिंथचं सॉफ्टवेअर) बंद करून टाका. जिवावर येतं, पण नॉब समोर असेपर्यंत हात तिकडेच जातो आणि मांडणी राहून जाते. बाउन्स केलेला तुकडा उलटा करून किकच्या आधी अर्धा बार ठेवून बघा. संक्रमणासाठी वेगळे इफेक्ट शोधत बसावं लागणार नाही.