एका क्लिपवरून स्वभाव ठरवू नकोस

प्रिय मित्रा,

निवृत्त खेळाडूंवरचा तुझा लेख मिळाला. दोनदा वाचला. भाषा छान आहे, कळकळ आहे, तरीही तो असाच्या असा छापायला देऊ नकोस. सचिनला ‘कोरडा’, गावसकरांना ‘हेकट’ आणि विनोद कांबळीला ‘बिचारा’ ठरवून तू मोकळा झाला आहेस. क्रीडापानावर आयुष्य काढूनही या तिघांपैकी एकाच्याही स्वभावाची हमी मी देणार नाही. तू ती कशाच्या जोरावर देतो आहेस?

शिवाजी पार्कच्या त्या क्लिपच्या जोरावर, हे उघड आहे. ३ डिसेंबर २०२४, सचिन-विनोदचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांच्या स्मारकाचं अनावरण. विनोद मंचावर बसलेला, सचिन त्याला भेटायला जातो, विनोद हात धरतो तो सोडतच नाही, मग सचिन आपल्या जागेकडे जातो. दिसतं ते एवढंच. पण त्याच रात्री लोकलच्या डब्यापासून घरच्या ग्रुपपर्यंत निकाल लागून गेला होता : मोठा झाला आणि मित्राला विसरला.

हा निकाल इतक्या झटपट का लागला, यावर तुझ्या लेखात एक ओळही नाही, आणि खरा विषय तोच आहे. लोकांनी त्या क्लिपमध्ये ३ डिसेंबर पाहिलाच नाही. त्यांनी पाहिलं १९८८ सालचं आझाद मैदान. हॅरिस शील्ड ही शालेय स्पर्धा, शारदाश्रम शाळेचा संघ, ६६४ धावांची भागीदारी, सचिन नाबाद ३२६ आणि विनोद नाबाद ३४९. त्या दिवसापासून आपण या दोन मुलांची एक गोष्ट मनात रचत आलो आहोत, दोन जिवलग मित्रांची, ज्यांतला एक आभाळाला टेकला आणि दुसरा मागे राहिला. गोष्ट आधीच तयार होती. क्लिपनं फक्त शेवटचं पान पुरवलं, आणि चाहत्यांना ते आवडलं कारण ते अपेक्षेप्रमाणेच होतं.

आता गोष्टीत न बसणारा भाग बघ. २००९ मध्ये टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात विनोदनं, सचिन आपल्यासाठी आणखी काही करू शकला असता अशा अर्थाचं बोलून दाखवलं. ते तू घेतलं आहेस. पण पुढे मुलाखतीत त्यानंच सांगितलं की २०१३ मध्ये त्याच्या दोन शस्त्रक्रियांचा खर्च सचिननं केला होता. ते तू घेतलेलं नाहीस. दोन्ही गोष्टी एकाच माणसानं सांगितलेल्या. आपल्याला पटणारी उचलायची आणि दुसरी गाळायची, हे चाहत्यानं केलं तर समजू शकतो. त्याचं प्रेम असतं, राग असतो. तू नाव छापून लिहिणार आहेस.

आणि ‘बिचारा’ हा शब्द आधी काढ. १७ कसोटी, सरासरी ५४.२०, चार शतकं, त्यातली दोन लागोपाठच्या कसोटींत द्विशतकं. तेविसाव्या वर्षी हा माणूस शेवटची कसोटी खेळला. तो का बाहेर राहिला, यावर जरूर लिही, निवड समितीला प्रश्न विचार, त्याच्या शिस्तीबद्दलही लिही. पण त्याचा तोल जातानाचे, आजारपणातले व्हिडिओ वर्णन करून वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणू नकोस. त्यातून त्याची अब्रू जाते आणि वाचकाला त्याच्याविषयी नवीन काहीच कळत नाही. मला याची मनापासून चीड आहे.

गावसकरांचं प्रकरण तर आणखी बोलकं आहे. १९७५ च्या विश्वचषकात लॉर्ड्सवर १७४ चेंडूंत नाबाद ३६, इतकी संथ खेळी. १९८१ मध्ये मेलबर्नला पायचीत दिल्यावर निर्णय न पटल्यानं जोडीदार चेतन चौहानला सोबत घेऊन मैदानाबाहेर निघालेले. ईडन गार्डन्सवर १९८४-८५ मध्ये प्रेक्षकांनी त्यांच्यावर फळं भिरकावली, आणि १९८७ मध्ये त्यांनी तिथली कसोटी खेळायलाच नकार दिला. कोलकात्यातल्या त्या पिढीला विचार, ते गावसकरांना गर्विष्ठ म्हणतील. दादरमधल्या त्याच पिढीला विचार, ते बाणेदार म्हणतील. वागणं तेच, नाव ठेवणारं शहर वेगळं. मेलबर्नबद्दल तर त्यांनी स्वतःच पुढे खेद व्यक्त केला आहे. आणि आजच्या मुलांना यातलं काहीच ठाऊक नसतं. त्यांच्यासाठी गावसकर म्हणजे कॉमेंट्री बॉक्समधून रिषभ पंतच्या फटक्यावर संतापलेले आजोबा.

याच गावसकरांनी १९९९ मध्ये अडचणीतल्या माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूंसाठी ‘चॅम्प्स’ फाउंडेशन सुरू केलं, आणि २०२५ मध्ये त्याच संस्थेनं विनोदला दरमहा ३०,००० रुपयांची मदत सुरू केली. त्याची बातमी आली, चौकट छापली गेली, संपलं. कारण दरमहा जमा होणाऱ्या पैशांची क्लिप निघत नाही. तुझ्या लेखात या संस्थेचं नावसुद्धा नाही, ही मोठी उणीव आहे.

म्हणजे या लोकांना जाब विचारायचाच नाही का? भरपूर विचार, पण जाब विचारण्यासारखी जागा शोधून. सचिननं हस्तांदोलन किती वेळ केलं हा प्रश्नच नव्हे. तो २०१२ ते २०१८ राज्यसभेत होता आणि त्याची हजेरी फार कमी होती, हा प्रश्न आहे. ते सार्वजनिक पद होतं, नोंदी उपलब्ध आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये तो बोलायला उभा राहिला तेव्हा गोंधळामुळे त्याला बोलता आलं नाही, आणि सहा वर्षांचं वेतन-भत्ते, जवळपास ९० लाख रुपये, त्यानं पंतप्रधान मदतनिधीला दिले, हेही लिही. माझ्या मते देणगीनं हजेरी भरून निघत नाही. तुझं मत वेगळं असेल तर आकडे समोर ठेवून मांड. जाहिरातींचंही तसंच. वडिलांना दिलेल्या शब्दाखातर सचिननं तंबाखूच्या जाहिराती कधी केल्या नाहीत, आणि काही नामवंत माजी खेळाडू पानमसाल्याच्या ब्रँडच्या नावानं विकल्या जाणाऱ्या इलायचीच्या जाहिरातीत झळकले. इथे तुलना कर, कडक कर. हे त्यांनी स्वतः, विचार करून, पैसे घेऊन केलेलं आहे.

आणखी एक. तुझ्या लेखात एकही बाई नाही. भारतीय महिला संघाच्या माजी कर्णधार डायना एदलजींवर दोन परिच्छेद हवेतच. १९८६ च्या इंग्लंड दौऱ्यात लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमध्ये त्यांना प्रवेश नाकारला गेला, तेव्हा त्यांनी लॉर्ड्स ज्याच्या मालकीचं आहे त्या एमसीसी क्लबाला सुनावलं होतं. पुढे क्रिकेट मंडळाच्या प्रशासक समितीवर असतानाही त्या तशाच रोखठोक राहिल्या. पुरुष खेळाडू असं बोलला की आपण त्याला स्पष्टवक्ता म्हणतो. बाई बोलली की भांडखोर. चाहत्यांच्या नजरेवर लिहायचं असेल तर हा भेद टाळून चालणार नाही.

दुरुस्ती करताना प्रत्येक विशेषणापाशी थांब आणि स्वतःला विचार, हे मी कुठे पाहिलं, कोणी सांगितलं, कोणत्या साली. उत्तर आलं तर विशेषण काढून ते उत्तरच लिही. नाही आलं तर ओळ खोड. आणि दोनतीन सकाळी आझाद मैदानात जा. तिथले स्कोअरर, माळी, क्लबांचे जुने सेक्रेटरी यांच्याशी बोल. मोठ्या खेळाडूंना कॅमेरा नसताना त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं असतं आणि ते फुशारकी न मारता सांगतात. फक्त आधी त्यांचा सामना संपू दे. षटकांच्या मध्ये त्यांना छेडलेलं चालत नाही.

नवा खर्डा रविवारपर्यंत पाठव. सोमवारी डेस्कवरच्या संपादकांशी मीच बोलतो.

तुझा,
सर