व्हिडिओ समजतो, पण वहीत जमत नाही

प्रश्न : मी औशाची, वय ३८. १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा द्यायचा, तो भरून दहावीला बसायलेय. मोबाईलवर व्हिडिओ बघताना गणित सगळं कळतं पण वही घेऊन बसलं की काहीच सुचत नाही. या वयात जमंल का?

उत्तर : ताई, जमंल, नक्की जमंल. व्हिडिओत पुढची स्टेप समोरचा सांगतो, वहीत ती आपल्याला आठवावी लागते, आणि ते आठवायला लागणं हीच खरी प्रॅक्टिस. म्हणून एक उदाहरण बघितलं की मोबाईल बाजूला ठेवा, कोऱ्या पानावर तेच करा, अडलं तरच बघा, आणि दोन दिवसांनी परत न बघता करा.

पुस्तकात पहिला धडा रेषीय समीकरणांचा असला तरी सुरुवात अपूर्णांकांपासून करा, बीजगणितात गाडी अडते ती बऱ्याचदा तिथंच. समजा १/२ + १/३ चं उत्तर २/५ आलं, तर जरा थांबून बघा, २/५ म्हणजे ०.४, अर्ध्याहून कमी, मग अर्ध्यात अजून मिळवून कमी कसं होईल? छेद ६ करा, ३/६ + २/६ = ५/६. असं प्रत्येक उत्तर स्वतः तपासायचं, गाईड उघडायच्या आधी.

रविवारी चार तास बसण्यापेक्षा रोज अर्धा तास बरा, शेतातून आल्यावर का होईना. भूमितीचा पेपर वेगळा ४० मार्कांचा असतो, तिला शेवटच्या महिन्यावर ढकलू नका, आठवड्यातले दोन दिवस आत्तापासूनच द्या.