भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, आईला गाडी लागते

आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन चिपळूणला दुर्बिणीतून ठरलंय, पण मागच्या ऑपरेशननंतर दोन दिवस उलट्या झाल्या म्हणून ती आता नकोच म्हणतेय, असं तुम्ही लिहिलंयत. तिची धास्ती खरी आहे. रत्नागिरीत 22 वर्षं मी थिएटरात सिस्टर होते. टाक्यांपेक्षा उलट्यांचीच आठवण बायका जास्त काढायच्या.

तुम्ही जाता जाता लिहिलंत की आंबा घाटात आईला दर वेळी गाडी लागते. हे भूलतज्ज्ञांना सांगितलंत का? भुलीनंतर कुणाला उलट्या होतील हे ओळखायला भूलतज्ज्ञ डॉ. आप्फेल यांनी 1999 साली मांडलेले चार प्रश्न आजही विचारतात: रुग्ण बाई आहे का, सिगारेट न ओढणारी आहे का, गाडी लागते किंवा आधी भुलीनंतर उलट्या झाल्यात का, आणि नंतर मॉर्फिनच्या जातीचं वेदनाशामक लागणार का. एकही लागू नसेल तर शंभरातल्या साधारण 10 जणांना त्रास होतो, चारही असतील तर 80 जणांना. आई सिगारेट ओढत नसणारच, म्हणजे तीन आत्ताच झाले: शंभरात साधारण 60.

आधी कळलं तर डॉक्टरांच्या हातात पुष्कळ असतं. वायूऐवजी शिरेतून प्रोपोफॉल या भुलीच्या औषधावरच भूल चालू ठेवता येते. सुरुवातीला डेक्सामेथासोन, शेवटी ऑन्डान्सेट्रॉन, अशी वेगवेगळ्या वाटांनी काम करणारी दोन औषधं मिळून चांगला गुण येतो. आईला मधुमेह असेल तर तेही सांगा, डेक्सामेथासोननं साखर चढते.

उपासाच्या वेळा डॉक्टर सांगतील त्याच पाळा. साधारणपणे हलकं खाणं 6 तास आधी बंद, साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. आदल्या रात्रीपासून घोटभरही पाणी न घेता कोरड्या पडलेल्यांना मळमळ जास्त होते.

नंतर घाई नको. एका आजींना डोळे उघडताच लेकीनं मायेनं डब्यातली पेज भरवली. तिसऱ्या चमच्याला सगळं बाहेर, आणि पोटावर हात दाबून आजी कळवळल्या. आधी घोटघोट पाणी, ते टिकलं की पेज. उठवायचं तेही हळूहळू. मळमळलंच तर सिस्टरांना लगेच हाक मारा. तोवर स्पिरिटचा बोळा नाकाजवळ धरून दीर्घ श्वास घ्यायला सांगा. मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, आतल्या बाजूला दोन ताठ दोऱ्या लागतात, त्यांच्या मधे अंगठ्यानं दाबूनही बऱ्याच जणांना आराम पडतो.

आजच एका कागदावर लिहा: ‘गाडी लागते. मागच्या भुलीनंतर दोन दिवस उलट्या.’ तो फाइलच्या पहिल्या पानाला लावा, आणि भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा तोंडीही सांगा.