छोट्या संस्थेतल्या कार्यकर्तीला मार्केटिंगचा कोणता कोर्स द्यावा?

चार माणसांची, देणग्यांवर चालणारी सेवाभावी संस्था, प्रचार बघणारी एकच कार्यकर्ती, तिला चाळीस हजारांचा डिजिटल मार्केटिंग डिप्लोमा द्यावा का, असा प्रश्न आहे. आत्ता नको. असे बरेचसे डिप्लोमा माल विकायला शिकवतात. मागच्या वर्षीचा देणगीदार यंदा परत कसा येईल, हे त्यात क्वचितच असतं.

आधी स्किलशॉपवर, म्हणजे गूगलच्या प्रशिक्षणाच्या साइटवर, गूगल अ‍ॅड्स सर्चचं (गूगलवर शोधताना दिसणाऱ्या जाहिरातींचं) प्रमाणपत्र घेऊ द्या. फुकट आहे, पास व्हायला 80 टक्के लागतात, आणि ते वर्षभरच चालतं. उपयोग लगेच होतो, कारण पात्र सेवाभावी संस्थांना गूगल अ‍ॅड ग्रँट्स या योजनेतून महिन्याला 10,000 डॉलरपर्यंतच्या सर्च जाहिराती मोफत मिळतात. घोळ होतो तो पुढे. जाहिरात जितक्या वेळा दिसली त्यातल्या क्लिकचं प्रमाण सलग दोन महिने 5 टक्क्यांखाली राहिलं की खातं बंद पडू शकतं. नुसता ‘देणगी’ असा एकशब्दी कीवर्डही (ज्या शोधावर जाहिरात दिसावी ते शब्द) सहसा चालत नाही. ‘नाशिक जुनी पुस्तकं देणगी’ असं नेमकं लिहावं लागतं.

व्हॉट्सअ‍ॅप तर सगळेच वापरतात, पण एकच मेसेज अनेकांना एकदम पाठवायच्या एका ब्रॉडकास्ट यादीत 256 जणच बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना मेसेज पोचतच नाही. (मग ‘लोक प्रतिसादच देत नाहीत’ म्हणून रडगाणं.)

तरीही पैसे भरायचेच असतील तर आधी क्लासला विचारा: सराव आमच्याच देणगीदार यादीवर करून घ्याल का? फीत जीएसटी धरलाय का? पहिल्याला ‘नाही’ आलं तर सोडून द्या.